माशांना लसूण-हळद कशी द्यायची

आमचं तळं शिरोळ तालुक्यात, क्षारपड रानात. ऊस येईना म्हणून तळं काढलं; त्यात रोहू, कटला, मृगळ सोडलेत. थंडी पडली की माशांच्या अंगावर लाल चट्टे दिसायला लागतात आणि कुणीतरी सांगायला येतंच, "वैनी, खाद्यातनं गोळ्या द्या की." मी देत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांना मत्स्यपालनात बंदीच आहे. बाकीची अँटिबायोटिकं अंदाजानं घातली तर त्यातलं बरंच पाण्यात आणि गाळात जातं, तिथले जिवाणू त्याला सरावतात. वर तेच पाणी आम्ही खालच्या रानाला सोडतो.

माझा भर लसणावर. अंगावर जखमा करणाऱ्या एरोमोनास जिवाणूवर लसूण, हळद आणि पेरूचा पाला यांचा असर प्रयोगांत दिसलाय. पण हे माशाची ताकद वाढवायला आहे, साथ पसरल्यावर उपयोग थोडा. आजारी मासा खाणं सोडतो. मग खाद्यातलं औषध त्याच्या पोटात जाणार कसं? म्हणून दिवाळी उरकली की मी सुरू करते.

दहा किलो पेलेटला, म्हणजे माशांच्या दाणेदार खाद्याला, 100 ग्रॅम सोललेला लसूण घ्या. खलबत्त्यात बारीक ठेचा आणि दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. लसणातलं औषध, म्हणजे ॲलिसिन, पाकळी ठेचल्यावरच तयार होतं. अख्ख्या पाकळ्या उकळल्या तर ते तयार करणारं विकरच (एन्झाइम) मरतं, म्हणून लसणाचा काढा करू नका. ठेचा अर्धा लिटर गार पाण्यात कालवा, फडक्यातनं पिळा, ते पाणी पेलेटवर शिंपडत हातानं वरखाली करा. सावलीत सुकू द्या.

मग हळद, 50 ग्रॅम. ती पाण्यात विरघळत नाही, म्हणून 100 मिली शेंगतेलात कालवून चोळायची. तेलाचा थर बसला की लसूणही पाण्यात लवकर सुटत नाही. हळद सांगलीच्या बाजारातनं अख्खी आणून दळा. पिवळ्या रंगाच्या पुडीचा भरवसा मला नाही. केलेलं खाद्य त्याच दिवशी संपवा. दिवसातनं एकाच वेळेला द्यायचं, आठवडाभर, मग तेवढाच खंड.

पेरूचा पाला सावलीत वाळवून, कुटून, चाळून किलोला 10 ग्रॅम घालता येतो. तुरट लागतो, मासे आधी तोंड फिरवतात. थोड्यापासून सुरुवात करा.

झाडपाला आहे म्हणून काहीही ओतू नका. कडुनिंबाचा अर्क जास्त झाला तर माशांनाच बाधतो. मोहाची पेंड तर तळ्यातले नको असलेले मासे मारायलाच वापरतात! तळ्यात थेट ओतायचं काही असेल तर आधी एका टपात दोन-चार मासे ठेवून रात्रभर बघा.

पाणी बिघडलं असेल तर लसणाचं पोतं रिकामं करूनही फरक पडत नाही. आमच्याकडं जमीन क्षारपड, पाण्याचा सामू (pH) चढतो, आणि सामू चढला की पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर त्या दिवशी खाद्य बंद, एअरेटर चालू किंवा ताजं पाणी आत. औषधाचं नंतर बघा.

गुण येतो का ते कळायला तळ्यातच दोन हापे, म्हणजे जाळीचे पिंजरे, बांधा: एकात साधं खाद्य, दुसऱ्यात लसणाचं. मासे एकाच वजनाचे, एकाच दिवशी सोडलेले हवेत. शेजाऱ्याच्या तळ्याशी तुलना करून काही कळत नाही, त्याचं पाणीच वेगळं.

इतकं करूनही चट्टे वाढले, मासे मरायला लागले, तर तपासणीला न्या. मेलेला मासा नेऊ नका, तो लगेच कुजतो आणि मग कुजवणारेच जिवाणू सापडतात. आजारी पण जिवंत मासा तळ्याच्याच पाण्यात, पिशवीत भरपूर हवा ठेवून न्या; पाण्याची बाटली वेगळी भरून घ्या.