एड्स निधीसाठी लांब पल्ल्याची सायकलफेरी : आधी पत्र, मग पायडल

सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसला जाणारी ‘एड्स लाइफसायकल’ ही फेरी जून २०२५ मध्ये शेवटची निघाली. १९९४ साली ‘कॅलिफोर्निया एड्स राइड’ या नावाने सुरू झालेल्या या परंपरेत सायकलस्वार सात दिवसांत ५४५ मैल, म्हणजे सुमारे ८७७ किलोमीटर, अंतर कापत असत. ती फेरी थांबली असली तरी तिने घालून दिलेली पद्धत इतरत्र चालते. बोस्टन ते न्यूयॉर्क हे २७५ मैल तीन दिवसांत पार करणारी ‘सायकल फॉर द कॉज’ सप्टेंबरात निघते, आणि प्रथमच उतरणाऱ्याने अशाच आटोपशीर फेरीपासून सुरुवात करावी.

नाव नोंदवताना प्रवेशशुल्कापेक्षा किमान निधीची अट नीट वाचावी. कॅलिफोर्नियाच्या फेरीत ही अट कित्येक वर्षे ३,००० डॉलरची होती आणि ती पूर्ण केल्याशिवाय सायकलवर बसता येत नसे. ही रक्कम एकदम मोठी वाटते, परंतु पन्नास डॉलर देणारी साठ माणसे शोधायची आहेत असा हिशेब मांडला की काम आवाक्यात येते. पहिली देणगी स्वतःची असावी, कारण शून्यावर उभ्या असलेल्या निधीच्या वेबपानावर दुसरा कोणी सहसा पैसे टाकत नाही. कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम स्वतःहून घालणाऱ्या कंपन्या अमेरिकेत बऱ्याच आहेत, तेव्हा प्रत्येक देणगीदाराला आपल्या कार्यालयात तशी चौकशी करण्याची विनंती अवश्य करावी. भारतातल्या नातेवाइकांनी मात्र अमेरिकन संस्थेला काही दिले तर त्यांना देणगीवरची भारतीय आयकरातील सवलत मिळत नाही, हे आधीच स्पष्ट सांगणे सभ्यपणाचे ठरते.

अमेरिकेतल्या आपल्या मराठी माणसांची खरी अडचण पैशांची नसून शब्दाची आहे. महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘एड्स’ लिहिताना हात अडखळतो आणि ‘एका आरोग्यविषयक कार्यासाठी’ असे गुळमुळीत वाक्य पुढे येते. तसे करू नये. लोक पैसे देतात ते नेमक्या कारणासाठी, आणि आपणच शब्द लपवला तर ज्यांच्यासाठी पायडल मारायचे त्यांनाच आपण लपवले असे होते. देणगी मागणाऱ्या पत्रात दोन गोष्टी साध्या शब्दांत असाव्यात. नियमित औषधांनी ज्याच्या रक्तातील एचआयव्हीचे प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतके खाली आले आहे आणि तसेच टिकून आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही, ही पहिली. दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची आहे : २००१ मध्ये सिप्ला कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार एका रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांच्या मूळ किमती दहा हजार डॉलरच्या घरात होत्या. ‘आपला याच्याशी काय संबंध?’ असे विचारणाऱ्या काकांना एवढे उत्तर पुरते.

सराव किमान चार महिने आधी सुरू करावा. आठवड्याचे अंतर एकदम न वाढवता दहाएक टक्क्यांनी वाढवावे, आणि शेवटच्या दोन महिन्यांत शनिवारी लांबची फेरी करून रविवारी दमलेल्या पायांनी पुन्हा निघावे, कारण अशा प्रवासात कस लागतो तो एका दिवसाच्या अंतराचा नव्हे, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा खोगिरावर बसण्याचा. खोगीर म्हणजे सीट, तिची उंची आणि हँडलपर्यंतचे अंतर एखाद्या जाणत्या दुकानदाराकडून बसवून घ्यावे. फेरीच्या आठवड्यात नवी सीट, नवे बूट किंवा नवे खाणे यांपैकी काहीही आजमावू नये. गादीच्या सायकल-चड्डीखाली अंतर्वस्त्र घालायचे नसते, ही गोष्ट संकोचापायी कोणी सांगत नाही आणि मग मांड्या सोलवटतात.

प्रत्यक्ष रस्त्यावर एका रांगेत चालावे, कानात काही घालू नये, आणि पुढच्या सायकलस्वाराला ओलांडताना ‘ऑन युअर लेफ्ट’, मागून गाडी येताना ‘कार बॅक’ असे मोठ्याने ओरडावे. तासाला साधारण एक बाटली क्षारयुक्त पाणी आणि थोडे थोडे खाणे पोटात जायला हवे. तहान लागल्यावर पिऊ म्हणणारा माणूस दुपारपर्यंत गळून जातो. थांब्यांवर केळी, शेंगदाणा लोणी, मीठ लावलेले बटाटे असे काही ना काही ठेवलेले असते, पण शाकाहारी माणसाने आपल्या खिशात खजूर किंवा शेंगदाण्याची चिक्की बाळगावी. दोन जादा ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या आणि पंप सोबत हवेत, आणि पंक्चर काढणे घरीच दोनतीनदा करून पाहिलेले असावे.

गुडघा दुखू लागला किंवा चक्कर आली तर मागून येणाऱ्या मदतगाडीत बसावे. निधी आधीच जमा झालेला असतो, त्यामुळे राहिलेल्या मैलांनी त्यातला एक डॉलरही कमी होत नाही. शेवटच्या मुक्कामाहून सायकल परत कशी पाठवायची, याची व्यवस्था मात्र निघण्यापूर्वीच लावून ठेवावी, कारण त्या संध्याकाळी खोक्याचे स्क्रू आवळण्याइतकेही त्राण हातांत उरलेले नसते.