सिस्टिम प्लॅटफॉर्म शिकायचंय? आधी एक पंप नीट समजून घ्या

पुण्यात इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा किंवा डिग्री करून बाहेर पडलेली मुलं साधारण एकाच वाटेने पुढे जातात. पीएलसीचा (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरचा) क्लास, त्याच्या प्रोग्रामिंगचं लॅडर लॉजिक, एखाद्या स्काडावर (प्लांट स्क्रीनवरून बघायच्या-चालवायच्या सॉफ्टवेअरवर) चार स्क्रीन आणि मग भोसरी-चाकण पट्ट्यात कारखान्यांना ऑटोमेशन बसवून देणाऱ्या एखाद्या सिस्टिम इंटिग्रेटरकडे नोकरी. मीही तसाच आलो. अशा मुलाच्या हातात अवेवा सिस्टिम प्लॅटफॉर्म या स्काडा सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यात टॅग डेटाबेस कुठे आहे?"

तो शोधत बसू नका. नेहमीच्या स्काडात आपण आधी टॅग, म्हणजे प्रत्येक सिग्नलसाठी एक नाव, तयार करतो आणि नंतर ते स्क्रीनवर जोडतो. इथे आधी यंत्र येतं. पंप, व्हॉल्व्ह, टाकी अशा प्रत्येक प्रकारच्या यंत्राचं एक टेम्प्लेट तयार करायचं आणि त्यावरून प्लांटमधल्या प्रत्येक यंत्राचा इन्स्टन्स, म्हणजे त्या यंत्राची स्वतःची प्रत, काढायचा. यंत्राचे सिग्नल, अलार्म, हिस्टरी, स्क्रिप्ट, स्क्रीनवरचं चित्र, सगळं त्या ऑब्जेक्टबरोबर (टेम्प्लेट किंवा इन्स्टन्सबरोबर) येतं. हा सगळा पसारा गॅलक्सी नावाच्या डेटाबेसमध्ये राहतो आणि ती गॅलक्सी मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरवर असते.

नावांचा घोळ आधीच मिटवून टाका. हे मूळचं वंडरवेअरचं सॉफ्टवेअर, आणि त्याच्या ऑब्जेक्ट तंत्राचं नाव आर्केस्ट्रा. वंडरवेअर इन्व्हेन्सिसकडे होती. २०१४ मध्ये इन्व्हेन्सिस श्नायडरकडे गेली आणि २०१८ मध्ये श्नायडरचा सॉफ्टवेअर विभाग अवेवात आला. त्यामुळे जुन्या मॅन्युअलमध्ये एक नाव दिसेल, लायसन्सवर दुसरं, आणि प्लांटमधले लोक अजूनही सरळ वंडरवेअरच म्हणतील.

आता मुद्द्याचं. सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक पंप घ्या आणि तो कागदावर मांडा. खरा पंप बघायला मिळाला तर सोन्याहून पिवळं. मला हे मोटरींना वीज देणाऱ्या एमसीसी पॅनेलसमोर उभं राहून मेंटेनन्सच्या एका काकांनी शिकवलं. मी पंपाच्या सिग्नलची यादी दाखवली: रन कमांड (चालू हो), रन फीडबॅक (चालू झालो), ट्रिप (बिघाडाने बंद), ॲम्पिअर (मोटर घेते तो करंट). त्यांनी विचारलं, "फीडबॅक कुठून घेतलाय?"

"कॉन्टॅक्टरच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवरून." कॉन्टॅक्टर म्हणजे मोटरची वीज जोडणारा स्विच, आणि तो ओढला गेला की त्याच्यावरचा हा छोटा कॉन्टॅक्ट तसं कळवतो.

"म्हणजे कॉन्टॅक्टर ओढला एवढंच कळतं. मोटर आणि पंप जोडणारं कपलिंग तुटलं तरी तुमच्या स्क्रीनवर पंप हिरवाच दिसणार. पाणी येतंय की नाही, हे कोण सांगणार?"

पंपाच्या टेम्प्लेटमध्ये काय असावं, याचं उत्तर त्या प्रश्नात आहे. कमांड गेली आणि ठरलेल्या वेळात, समजा ५ सेकंदांत, फीडबॅक आला नाही तर 'सुरू झाला नाही' हा अलार्म. फीडबॅक आहे पण ॲम्पिअर नेहमीपेक्षा फारच कमी, तर ड्राय रन (पाण्याविना चालणारा पंप) किंवा तुटलेलं कपलिंग. एकदा हे टेम्प्लेटच्या स्क्रिप्टमध्ये लिहिलं की प्रत्येक पंपाला आपोआप मिळतं. स्क्रिप्टमध्ये पंपाचं नाव लिहायचं नाही, 'मी' लिहायचं. मी डॉट रन फीडबॅक म्हटलं की ज्या इन्स्टन्समध्ये ती स्क्रिप्ट चालते, त्याचाच फीडबॅक वाचला जातो.

यानंतर येतं लॉकिंग. नवी मुलं सगळ्यात जास्त गोंधळतात ती इथेच, म्हणून जरा थांबून बघा. टेम्प्लेटमधलं ॲट्रिब्यूट (ऑब्जेक्टची एखादी नोंद, जसं एखादी मर्यादा) लॉक केलं तर त्याची किंमत, म्हणजे व्हॅल्यू, टेम्प्लेटवरूनच ठरते, आणि तिथे बदललं की खालच्या सगळ्या इन्स्टन्समध्ये बदलतं. लॉक नसेल तर प्रत्येक इन्स्टन्सकडे स्वतःची किंमत राहते, टेम्प्लेट बदललं तरी ती हलत नाही. आता आपला पंप घ्या. ४१५ व्होल्टवरची ७.५ किलोवॅटची मोटर पूर्ण लोडला साधारण १५ ॲम्पिअर घेते, २२ किलोवॅटची ४० च्या आसपास. म्हणजे कमी ॲम्पिअरची मर्यादा लॉक करून चालणारच नाही. पण फॉल्ट ओळखायची स्क्रिप्ट लॉकच हवी, नाहीतर साइटवर कोणीतरी एकाच पंपात ती बदलतो आणि पुढे कोणता पंप कसा वागतो याचा पत्ता लागत नाही. काय सारखं आणि काय वेगळं, हे यंत्राकडे बघूनच ठरतं. माझ्या मते या सॉफ्टवेअरमधलं खरं कौशल्य एवढंच आहे, बाकी क्लिक करणं आठवड्याभरात जमतं.

पंप समजला की पंपिंग स्टेशन घ्या. संपच्या (पाणी साठवायच्या खालच्या टाकीच्या) टेम्प्लेटमध्ये दोन पंप आणि पातळी मोजणारा एक लेव्हल ट्रान्समीटर ठेवले, की संपचा एक इन्स्टन्स काढल्यावर आतली यंत्रंही तयार होतात. पंपाला संपची लेव्हल हवी असेल तर तो 'माझा कंटेनर' म्हणून वर विचारतो. इथे हात आवरा. एरियात स्टेशन, स्टेशनात संप, संपात पंप, पंपात मोटर, मोटरीत बेअरिंग, असं उतरत गेलात तर नावं हातभर लांब होतात आणि ऑपरेटर वैतागतो. कुठे थांबायचं हे ठरवायला आयएसए-८८ मधली युनिट, इक्विपमेंट मोड्यूल, कंट्रोल मोड्यूल ही विभागणी वाचा. बॅच प्रोसेससाठीचं स्टँडर्ड आहे, पण विचार सगळीकडे उपयोगी पडतो.

डिप्लॉय करणं, म्हणजे तयार ऑब्जेक्ट प्रत्यक्ष चालू करायला पाठवणं, सोपं वाटतं. टेम्प्लेट बदलून चेक-इन केलं (बदल गॅलक्सीत जमा केला) की इन्स्टन्सवर बदल बाकी असल्याची खूण येते, पण चालू प्लांटमध्ये जुनंच चालत राहतं. पुन्हा डिप्लॉय केल्यावरच नवं लागू होतं. त्या वेळी ऑब्जेक्ट क्षणभर स्कॅनवरून उतरतो, म्हणजे त्याचं काम थांबतं, म्हणून शिफ्ट इन्चार्जला विचारल्याशिवाय ते बटण दाबू नका. डिप्लॉय झाल्यावर चालू किमती दाखवणारा ऑब्जेक्ट व्ह्यूअर उघडा आणि किमतीच्या शेजारची क्वालिटी (ती किंमत भरवशाची आहे का) बघा. किंमत शून्य आणि क्वालिटी बॅड, म्हणजे पंप बंद आहे असं नाही, पीएलसीशी बोलणंच होत नाहीये. अशा वेळी ओपीसी (पीएलसीचा डेटा सॉफ्टवेअरपर्यंत आणायची पद्धत), नेटवर्क आणि विंडोजचे यूजर-परवाने माहीत असलेला माणूसच उपयोगी पडतो. क्लासमध्ये हे फारसं शिकवत नाहीत, स्वतः शिका.

आता मी मुलाखती घेतो तेव्हा मेनू कुठे आहे ते विचारत नाही. कागद पुढे करतो आणि सांगतो, एसटीपीमध्ये (सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) हवा सोडणारे चार ब्लोअर आहेत, दोन व्हीएफडीवर (वेग बदलता येणारे), दोन स्टार-डेल्टावर (एकाच वेगाचे), टेम्प्लेट मांडा. मी स्वतः मोटरचं एक मूळ टेम्प्लेट करून त्यातून दोन वेगळी काढेन. एकाच टेम्प्लेटमध्ये दोन्ही बसवणारेही चांगले इंजिनिअर मी पाहिलेत. उत्तर कोणतंही चालतं, मात्र स्पीड रेफरन्स (किती वेगाने फिरायचं हे सांगणारा सिग्नल) नसलेल्या ब्लोअरवर ते ॲट्रिब्यूट रिकामं ठेवलं तर ऑपरेटरला स्क्रीनवर काय दिसेल, हे सांगता आलं पाहिजे.