अमाइन प्लांटमध्ये नव्याने येताय? आधी वेल्डची चौकशी करा

गॅस ट्रीटिंग प्लांटच्या, म्हणजे अमाइनच्या द्रावणाने वायूतले आम्लवायू (हायड्रोजन सल्फाइड, कार्बन डायऑक्साइड) शोषून काढणाऱ्या प्लांटच्या, तपासणी विभागात रुजू झालं की नवख्याच्या हाती पहिल्यांदा येतो तो जाडी मोजायचा अल्ट्रासोनिक गेज. पाइपच्या अंगावर रीडिंग घ्यायचं आणि मागच्या शटडाऊनच्या आकड्याशी ताडून बघायचं. काम गरजेचं आहे, पण त्यातून वेल्डबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. पाइपची जाडी शाबूत आणि वेल्डच्या रूटला (जोडाच्या पाइपमधल्या आतल्या कडेला) खोल चर, ही जोडी अमाइन लाइनींमध्ये मी वारंवार पाहिली आहे.

वेल्ड मेटल, त्याला लागून असलेला तापून बदललेला पट्टा (आम्ही त्याला एचएझेड म्हणतो) आणि मूळ पाइप यांची घडण सारखी नसते. यातला एखादा अरुंद भाग अ‍ॅनोड ठरला, तर उरलेला सगळा पाइप कॅथोड होतो आणि गंजाचा सारा मारा त्या पट्टीवर पडतो. त्यात रूट आत जास्त उतरलेली असेल तर प्रवाह तिथे घुसळतो आणि पाइपला सांभाळणारा आयर्न सल्फाइडचा थर उखडतो. रिच अमाइनच्या, म्हणजे आम्लवायू शोषलेल्या द्रावणाच्या, लाइनीत कंट्रोल व्हॉल्व्ह ओलांडल्यावर दाब उतरतो, आम्लवायू द्रावणातून सुटतात. तिथले लगतचे वेल्ड मी यादीत सगळ्यात वर ठेवतो.

ही झाली झीज. तड्यांचं गणित निराळं. अमाइन स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंग, म्हणजे ताण आणि गंज मिळून पडणारे तडे, बहुधा लीन बाजूला सापडतात, म्हणजे आम्लवायू काढून टाकलेल्या द्रावणात, जिकडे नवखे निर्धास्त असतात. कार्बन स्टीलच्या वेल्डला एसआर, म्हणजे स्ट्रेस रिलीव्हिंग (वेल्ड तापवून आतला ताण घालवणं), केलेलं नसेल तर आत उरलेला ताणच तड्याला पुरतो. तापमानाबरोबर धोका वाढतो, पण थंड लाइनही सुरक्षित धरू नका. बाहेरून वेल्ड केलेली सपोर्टची क्लिपसुद्धा तपासा, कारण तिचा ताण भिंतीच्या आतल्या बाजूपर्यंत पोचतो. डाय पेनिट्रंट (तड्यात शिरणारा रंग लावून केलेली तपासणी) इथे कुचकामी ठरतो, हे बारीक तडे ऑक्साइडने भरलेले असतात. आतून हात पोचत असेल तर वेट फ्लोरेसंट मॅग्नेटिक पार्टिकल (चुंबकीय, चमकणाऱ्या कणांची तपासणी), नाहीतर बाहेरून शिअर वेव्ह (तिरप्या लहरींची अल्ट्रासोनिक तपासणी).

रोमिओव्हिलची घटना प्रत्येकाने अभ्यासावी. २३ जुलै १९८४ रोजी अमेरिकेत इलिनॉयमधल्या या रिफायनरीत मोनोइथेनॉलअमाइनने वायू धुणारा मनोरा, म्हणजे अ‍ॅब्सॉर्बर फुटला आणि १७ जण मृत्युमुखी पडले. १९७४ मध्ये त्याच्या शेलचा (भिंतीचा) एक भाग बदलला होता, वेल्डला एसआर नव्हतं. कडक झालेल्या एचएझेडमध्ये हायड्रोजनमुळे तडे वाढत गेले. तड्याची जात वेगळी, तरी सुरुवात वेल्डपाशीच.

म्हणून गेज उचलण्याआधी कागद मागा. कोणता इलेक्ट्रोड वापरला, एसआरचा चार्ट आहे का (साधारण ६३५ अंश सेल्सिअस, किमान एक तास), वेल्डची हार्डनेस २०० ब्रिनेलच्या आत आहे का, दुरुस्ती कधी आणि कुठे झाली. नंतर बदललेल्या स्पूलचे (पाइपच्या तुकड्यांचे) कागद हमखास गहाळ असतात, त्यांचाच पाठपुरावा जास्त करा.

आणि शटडाऊनला स्टीम-आउट (वाफ सोडून सफाई) करण्याआधी लाइन पाण्याने नीट धुतली का, हे ऑपरेशनवाल्यांना स्वतः जाऊन विचारा. एसआर नसलेल्या लाइनीत अमाइन अडकलेलं असताना वाफ सोडली, तर तेवढ्या वेळातही वेल्डला तडा जाऊ शकतो.