क्लाउडवर टाकलं म्हणजे सेफ झालं असं नसतं, सांगलीकर व्यापाऱ्यांनो या चुका टाळा

जुलै-ऑगस्ट आला की सांगलीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर गेलं. ४५ फूट ही धोका पातळी, आणि २०१९ ला ते ५७ फुटांच्या पण वर गेलं. गणपती पेठेतला माल भिजला तो भिजलाच, पण ज्यांचा सगळा हिशोब खालच्या मजल्यावरच्या एकाच कॉम्प्युटरात होता त्यांना उधारी कुणाकडं किती हेच परत जुळवत बसायची वेळ आली. त्यामुळं आपल्याकडं क्लाउड ही चैन नाही, गरज आहे हे मी अगदी मनापासून सांगतो.

क्लाउड म्हणजे काय तर मुंबई, पुणे, हैदराबाद अशा ठिकाणी मोठमोठी डेटा सेंटर आहेत, तिथल्या मशीनवरची जागा आणि ताकद आपण भाड्यानं घ्यायची आणि इंटरनेटवरून वापरायची. सर्व्हर विकत घ्यायला एकदम पैसे घालावे लागत नाहीत, हळद-बेदाण्याचा सीझन असला की वाढवायचं, ओसरला की कमी करायचं, आणि कुपवाड एमआयडीसीतलं बिलिंग मालकाला घरनं बघता येतं. फायदे खरे आहेत. पण ते मिळायला चार गोष्टी नीट लावाव्या लागतात, आणि नेमकं तिथंच चुकतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा फोल्डर उचलून गूगल ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवणं, म्हणजे इथं जे बदलेल ते आपोआप क्लाउडवर पण बदलणाऱ्या फोल्डरमध्ये. असं करू नका. टॅलीत प्रत्येक कंपनीचा १०००० असल्या नंबरचा फोल्डर असतो, त्यात ढीगभर फाईली, आणि तुम्ही एक पट्टी, म्हणजे मालाचं बिल, केली की त्यातल्या बऱ्याच फाईली एकाच वेळी बदलतात. ड्राइव्ह त्यातली एक वर चढवतं, दुसरी टॅलीनं धरून ठेवलेली असते म्हणून राहते, मग वर जी कॉपी जाते ती अर्धी जुनी अर्धी नवी. दोन कॉम्प्युटरवर तोच फोल्डर सिंक असेल तर आणखीनच घोळ, आणि मग कंपनी उघडताना एरर येतो. त्याऐवजी टॅलीच्या आतूनच बॅकअप घ्यायचा, आणि ती बॅकअपची फाईल तारीख घालून ड्राइव्हवर टाकायची.

आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे हे डोक्यात पक्कं बसवा. दिवाणजींनी चुकून फोल्डर डिलीट केला तर तो वरनं पण डिलीट होतो, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो आणि मग कायमचा जातो. मार्चमध्ये उडालेली फाईल तुम्हाला सप्टेंबरमध्ये ऑडिटच्या वेळी आठवली तर काय करणार? फाईली लॉक करून पैसे मागणारा रॅन्समवेअर व्हायरस आला तर लॉक झालेल्या फाईलीच इमानदारीत वर सिंक होतात. म्हणून एक कॉपी कॉम्प्युटरवर, एक क्लाउडवर, आणि एक हार्डडिस्कवर, जी काम झालं की काढून वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गावी ठेवायची. महिन्यातनं एकदा दुसऱ्याच कॉम्प्युटरवर तो बॅकअप रिस्टोअर करून बघा, कालची शेवटची एंट्री दिसते का, शिल्लक जुळते का. रिस्टोअर करून बघितला नाही तोवर तो बॅकअप धरायचाच नाही, या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

बरं, तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर ऑगस्ट २०२२ पासूनच्या नियमानं हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. सीएंना विचारून घ्या.

दुसरी चूक, अकाउंट कुणाच्या नावावर? बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटर बघणाऱ्या पोराच्या खाजगी जीमेलवर सगळं उघडलेलं असतं, ओटीपी पण त्याच्याच मोबाईलवर, आणि तो नोकरी सोडून पुण्याला गेला की मालक नुसता फोन करत बसतो. मुख्य अकाउंट फर्मच्या मेलवर, मोबाईल नंबर मालकाचा, टू स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर मोबाईलवर पण खात्री) चालू, आणि बाकीच्यांना ज्याला जेवढं लागतं तेवढाच ॲक्सेस. माणूस सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद करायचं, यात अविश्वासाचा प्रश्न नाही.

'टॅली ऑन क्लाउड', म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालणारी टॅली, घेतलं असेल तर सगळ्यांना एकच युजर आणि एकच पासवर्ड देऊ नका, कुणी कुठली एंट्री बदलली ते मग कळतच नाही. आणि रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबनं त्या सर्व्हरचा स्क्रीन उघडून काम करायची सोय, जगाला उघडा ठेवू नका, हॅकर असे उघडे सर्व्हर मशीन लावून शोधत असतात. देणाऱ्याला सरळ विचारा, व्हीपीएन (सर्व्हरपर्यंत जायचा खाजगी, सुरक्षित रस्ता) आहे का, बॅकअप कोण घेतं, किती दिवसांचा ठेवतं, आणि मी उद्या सोडून गेलो तर माझा डेटा कसा देणार. हे लेखी घ्या. सर्व्हर चालू ठेवणं हे त्यांचं काम, पण तुमची एंट्री चुकून उडाली तर ती परत आणायची जबाबदारी बहुतेक करारात तुमच्यावरच असते.

बिलाचं पण बघा. स्वतः सर्व्हर भाड्यानं घेतला असेल तर मीटर चोवीस तास पळतो, रात्री दुकान बंद असलं तरी. सर्व्हर बंद केला तरी त्याच्या डिस्कचं भाडं लागत राहतं हे बऱ्याच जणांना बिल आल्यावरच कळतं. पहिल्याच दिवशी बजेट अलर्ट, म्हणजे खर्च ठरलेल्या आकड्यावर गेला की येणारी सूचना, लावून टाका, आणि भाव विचारताना त्यात १८ टक्के जीएसटी धरलाय का ते पण विचारा.

राहता राहिलं इंटरनेट. रस्ता खणताना फायबर तुटली की सगळं काम ठप्प, म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम घालून एक राउटर तयार ठेवा, राउटर आणि फायबरच्या डब्याला इन्व्हर्टरची लाईन द्या. आणि सौदे चालू असताना नाही तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुद्दाम फायबरची मेन लाईन काढून बघा, सिमवर बिल निघतंय का.