गिटारला राऊटर लावायच्या आधी

फ्लॉइड रोझचा, म्हणजे दांडा मारून तारा ढिल्या-ताठ करणाऱ्या लॉकिंग ट्रेमोलोचा, डबा घरात येऊन पडला की माणसाचं डोकं चालणं बंद होतं. मग राऊटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) गिटार कापायची हे ठरूनच जातं, फक्त कधी एवढंच उरतं. म्हणून ही तयारी डबा मागवायच्या आधीची. फिक्स्ड ब्रिजच्या (बॉडीवर तारा धरणारा भाग जिचा हलत नाही अशा) गिटारवर लॉकिंग ट्रेमोलो बसवायची हुक्की आलेली बरीच मंडळी अर्ध्या वाटेवरच थांबतील, आणि थांबली तर बरंच आहे.

सगळ्यात आधी एका कागदावर लिहा, हे हवंय कशाला. ‘ट्यूनिंग टिकत नाही’ असं लिहिलंत तर तो कागद फाडा. फिक्स्ड ब्रिजमध्ये हलणारं काही नसतंच. सूर उतरतो तो बहुतेक वेळा नटमुळे (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी), नाहीतर खुंटीवर तार नीट गुंडाळलेली नसते म्हणून. तिसरी तार जोरात बेंड करा आणि नटकडे कान द्या. बारीक ‘टिक्’ ऐकू आलं तर तार खाचेत अडकतेय. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, नाहीतर नट नवीन घाला. चार आण्यांचं काम आहे. फ्लॉइड रोझ यांनी जे १९७९ साली पेटंट केलं ते वेगळ्याच दुखण्यावरचं औषध होतं: दांडा पार खाली दाबून तारा ढिल्या लोंबायला लागल्या तरी सोडल्यावर सूर जागेवर यावा. त्यासाठी तार दोन्ही टोकांना, नटपाशी आणि ब्रिजवरच्या सॅडलमध्ये, आवळून टाकायची. तुमच्या वाजवण्यात असं दांडा मारणं खरंच आहे का? मला ते हवं होतं ते दांड्याने मींड काढता येते म्हणून. स्वर खालून उचलून हळूच जागेवर आणायचा, तोही अख्ख्या कॉर्डसकट, हे बोटांनी होत नाही.

जाणार काय, तेही त्याच कागदावर मांडा. तरंगत्या ब्रिजवर एक तार बेंड केली की बाकीच्या उतरतात, त्यामुळे दोन तारांवरचे बेंड बेसूर लागतात. तळहात ब्रिजवर जरा जड पडला की सगळं चढतं. सहावी तार पटकन ‘डी’वर उतरवणं विसरा. आणि कार्यक्रमात एक तार तुटली की उरलेल्या पाचही सुरातून जातात. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात तीन-तीन तास वाजवणाऱ्याने दुसरी गिटार स्टँडवर तयार ठेवल्याशिवाय या फंदात पडू नये.

इतकं होऊनही हौस टिकली असेल, तर व्हर्निअर काढा. बॉडीची जाडी मोजा. फ्लॉइडचा खालचा ठोकळा ३२, ३७ आणि ४२ मिलिमीटर अशा मापांत मिळतो. स्ट्रॅटसारखी ४४-४५ मिलिमीटरची बॉडी असेल तर फार अडचण नाही, पण पातळ बॉडीत लांब ठोकळा पाठीतून बाहेर डोकावतो. मग नटची रुंदी. फ्लॉइडच्या नटांपैकी आर-टू सुमारे ४१ मिलिमीटरचा, आर-थ्री सुमारे ४३चा. इथे अंदाज चालत नाही, कारण जुन्या नटची जागा कापून सपाट करावी लागते आणि कापलेलं लाकूड परत येत नाही. या नटांचा गोलवा १० इंचांचा असतो, तुमच्या फ्रेटबोर्डचा त्याहून फार वेगळा असेल तर अॅक्शन (तारांची उंची) लावताना मधल्या आणि कडेच्या तारा भांडतात. ट्रसरॉडची (मानेतल्या सळईची) चावी नटमागून लागत असेल तर नवीन नट तिच्या वाटेत येतो का तेही आत्ताच बघा. हेडस्टॉक सरळ असेल तर नटमागे तारा खाली दाबणारी पट्टी लागेल. ती नसेल तर लॉक आवळताना सूर चढतो.

आता सगळ्यात चुकणारी गोष्ट. जुना ब्रिज जिथे होता तिथेच नवीन स्टड (ट्रेमोलो ज्यांवर टेकून डोलतो ते दोन खुंट) येतील असं वाटतं, पण तसं नसतं. सॅडलची रेघ स्टडच्या मागे पडते, म्हणजे स्टड मानेच्या बाजूला सरकतात, थेट ब्रिज पिकअपच्या अंगावर. तिथे मोठा हंबकर पिकअप आणि त्याची रिंग असेल तर दोघांत लाकूड किती उरतं ते कागदावर खऱ्या मापात काढून पाहा. मूळ फ्लॉइडच्या स्टडमधलं अंतर ७४.३ मिलिमीटर असतं, पण परवान्याने बनवलेल्या स्वस्त मॉडेलांत ते तेवढंच असेल याची खात्री धरू नका. हातात आलेला ट्रेमोलो मोजल्याशिवाय भोक पाडायचं नाही. लेस पॉलसारखी ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजवाली गिटार असेल तर भानगड आणखी वाढते: तिची मान मागे कललेली असते, त्यामुळे ब्रिज बराच उंच बसवावा लागतो.

कापणार कोण, हा पुढचा मुद्दा. आपल्याकडे नागपूरच्या लकडगंजात लाकडाला आणि लाकूड कापणाऱ्यांना तोटा नाही. मी माझी हार्डटेल (फिक्स्ड ब्रिजची गिटार) घेऊन गेलो तेव्हा भेटलेल्या मिस्त्रीचा हात फार चांगला होता. त्याने गिटार उलटी केली, पाठीवर टकटक केलं आणि विचारलं, “एक-दोन एमएम इकडं-तिकडं झालं तं चालते ना भाऊ?” दाराच्या चौकटीला चालते. इथे स्टड अर्धा मिलिमीटर तिरका बसला तरी ब्रिज वाकडा डोलतो. म्हणून एमडीएफचा टेम्प्लेट आपण बनवून न्यायचा, आणि आधी तेवढ्याच जाडीच्या भंगार लाकडावर सगळं काम करून घ्यायचं: वरचा आरपार खड्डा, पाठीमागची स्प्रिंगांची पोकळी, स्टडची भोकं. त्या तुकड्यात ट्रेमोलो बसवून हलवून बघितला की मगच खरी गिटार टेबलावर. मिस्त्रीने हे दोनदा केलं, वर दोन वेळा चहाही पाजला. बॉडी मऊ बासवुडची किंवा प्लायची असेल तर स्टडच्या जागी कडक लाकडाचा गुल्ला बसवून त्यात भोक पाडलेलं बरं. ९-४२च्या संचाचा मिळून ओढा ३८ किलोच्या आसपास असतो, त्यात स्प्रिंगांचा वेगळा, आणि हे सगळं त्या दोन स्टडच्या अंगावर.

एक तार मात्र मी विसरलो होतो, आणि ती गिटारची नव्हती. जुन्या ब्रिजखाली अर्थिंगची बारीक वायर असते. ब्रिज काढला, वायर आत सरकली, पोकळी कापली गेली, सगळं जुळवलं, मस्त वाजलं. गणपतीच्या मांडवात अँप चालू केला तर घूंऽऽ असा आवाज, आणि तारांना हात लावला तरी तो कमी होईना. मागचं झाकण काढून वायर स्प्रिंगच्या क्लॉला (स्प्रिंगा अडकवायच्या धातूच्या पट्टीला) डाग दिल्यावर शांत झालं. तुम्ही कापायच्या आधी तिच्यावर चिकटपट्टीचा लाल तुकडा लावून ठेवा.

हंगाम बघा. पावसाळ्यात कापलेल्या पोकळीला सीलर मारलं तर ते नीट वाळत नाही, पांढुरकं होतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि घरात कूलर. त्या कूलरच्या झोतात गिटार म्हणजे दमट हवा थेट तारांवर, स्प्रिंगांवर आणि नाइफ एजवर, म्हणजे स्टडवर टेकणाऱ्या ट्रेमोलोच्या धारेवर. दिवाळी ते होळी हा काळ चांगला. आणि सेटअप ज्या खोलीत गिटार राहते तिथेच करायचा, दुकानात नाही.

न कापता भागतं का, तेही एकदा विचारा. ट्यून-ओ-मॅटिकवर बसणारा एफआरएक्स फ्लॉइडनेच काढलाय, त्याला लाकूड कापावं लागत नाही. हलकीच थरथर हवी असेल तर व्हायब्रामेट या जोडपट्टीवर बसणारा बिग्जबी ट्रेमोलो. आणि गिटार पहिलीच, बाबांनी घेऊन दिलेली असेल, तर तिला हात लावू नका. फ्लॉइडवालीच दुसरी जुनी शोधा. ट्रेमोलो, कापणं, सील, सेटअप असं सगळं धरलं की हिशेब बरेचदा तिच्याच बाजूने झुकतो.

काम झालंच, तर जुना ब्रिज स्क्रूंसकट एका पिशवीत बांधून केसमध्ये टाका. सोबत २.५ आणि ३ मिलिमीटरच्या अॅलन चाव्या, तारेच्या टोकाचा गोळा छाटायला कटर पक्कड, आणि एक जास्तीची स्प्रिंग. ३ची चावी दोन ठेवा. एक कोणीतरी मागून नेतोच.