बेस स्टेशनचे फिल्टर: रिसीव्हरच्या बाजूने समजून घ्या

बेस स्टेशनचे, म्हणजे मोबाइल टॉवरच्या रेडिओचे, फिल्टर बसवण्याच्या कामात नवीन आलेले बहुतेक जण आधी ट्रान्समीटरची पॉवर विचारतात. पण फिल्टर समजून घ्यायचा तर सुरुवात रिसीव्हरपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. ट्रान्समीटरचे 20 वॅट म्हणजे 43 डीबीएम (1 मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली पॉवर). त्याच अँटेनावर, त्याच क्षणी रिसीव्हरला उणे 117 डीबीएमच्या आसपासचा सिग्नल ऐकायचा असतो. फरक 160 डेसिबलचा! पुढचं सगळं या आकड्यातूनच येतं.

डुप्लेक्सर म्हणजे एकाच अँटेनावरचं पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारी फिल्टरची जोडी. तिच्या दोन बाजूंची कामं वेगळी. रिसीव्हरकडची बाजू ट्रान्समीटरचा कॅरियर, म्हणजे त्याची मुख्य लहर, अडवते. ट्रान्समीटरकडची बाजू त्याचा नॉइज अडवते, जो थेट रिसीव्हरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत पसरलेला असतो. तो तिथे पोचला की रिसीव्हरपुढे कितीही भारी फिल्टर लावा, उपयोग शून्य. हव्या सिग्नलची जी वाट, तीच त्याचीही. म्हणून नॉइज उगमापाशीच कापावा लागतो.

इंटरमॉड्युलेशनचंही, म्हणजे दोन सिग्नल मिसळून नव्या फ्रिक्वेन्सी तयार होण्याचंही, तसंच. जीएसएम 900 या मोबाइल पट्ट्यात बेस स्टेशन 935 ते 960 मेगाहर्ट्झवर पाठवतं आणि 890 ते 915 वर ऐकतं. 935 ची दुप्पट करून 960 वजा करा: 910. म्हणजे आपल्याच दोन कॅरियरचं मिश्रण आपल्याच रिसीव्हरच्या पट्ट्यात! हे मिश्रण डुप्लेक्सरच्या पुढे, अँटेनाच्या बाजूला, एखाद्या सैल किंवा गंजलेल्या कनेक्टरमध्ये तयार झालं, तर कोणताही फिल्टर ते काढू शकत नाही.

त्यामुळे कनेक्टर घट्ट करणं हे हलकं काम समजू नका. धातूचा कीस पुसून काढा, आतली पिन सरळ आहे ना पाहा, फक्त नट फिरवा, केबल नाही. शेवटचा पीळ टॉर्क रेंचनेच द्या, कनेक्टर बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यापर्यंत. जोडण्या उघडण्याआधी ट्रान्समीटर बंद, याला अपवाद नाही. फिल्टरच्या कॅव्हिटीचे, म्हणजे आतल्या धातूच्या कप्प्यांचे, ट्यूनिंग स्क्रू मात्र नेटवर्क अ‍ॅनलायझर (फिल्टर मोजायचं उपकरण) लावल्याशिवाय हलवू नका.

1 डेसिबल इन्सर्शन लॉस (फिल्टरमधून जाताना सिग्नलमध्ये होणारी घट) ऐकायला किरकोळ वाटतो, पण 50 वॅटमधले सुमारे 10 वॅट त्यात उष्णता होऊन जातात. फिल्टरभोवती हवा खेळायला जागा सोडा.

बसवून झालं की माझ्या मते सर्वात बोलकी चाचणी डीसेन्सची, म्हणजे आपल्याच ट्रान्समीटरमुळे रिसीव्हरला कमी ऐकू येतं का याची. अँटेनाऐवजी डमी लोड, म्हणजे पॉवर शोषून घेणारा नकली भार, लावा. सिग्नल जनरेटरचा जेमतेम ऐकू येणारा सिग्नल डायरेक्शनल कपलरमधून (लाइनमधल्या पॉवरचा लहानसा अंशच जोडणाऱ्या भागातून) द्या. थेट जोडलात तर ट्रान्समीटरच्या पॉवरने जनरेटर जळेल. मग ट्रान्समीटर चालू-बंद करून ऐका. चालू केल्यावर सिग्नल खराब झाला, तर दोष डुप्लेक्सरमध्ये, त्याच्या जंपर केबलमध्ये किंवा ट्रान्समीटरच्या नॉइजमध्ये. डमी लोडवर स्वच्छ आणि अँटेना जोडताच खराब, तर आधी फीडरचा, म्हणजे अँटेनापर्यंत जाणाऱ्या केबलचा, प्रत्येक जोड तपासा, मग अँटेना आणि टॉवरवरचे गंजलेले क्लॅम्प.