ओटीडीआरवर कट एका जागी, खड्डा भलत्याच जागी? या चुका टाळा

पावसाळ्यात ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कुठेतरी जेसीबी लागतो, फायबर तुटते आणि महाप्याच्या डेटा सेंटरपासून घणसोलीच्या सोसायट्यांपर्यंत सगळीकडून फोन सुरू होतात. टीम ओटीडीआर, म्हणजे फायबर कुठे तुटले ते प्रकाश सोडून शोधणारे यंत्र लावते, अंतर वाचते, खणायला सुरुवात करते. तिथे केबल धडधाकट असते! मग सगळे यंत्राला बोल लावतात. यंत्र बहुतेक वेळा बरोबरच असते, त्याला काचेतला प्रकाशाचा वेग चुकीचा सांगितलेला असतो.

ओटीडीआर मीटर मोजत नाही, वेळ मोजतो. पल्स, म्हणजे प्रकाशाचा क्षणभराचा झोत, गेली, तिचा उजेड परत आला, मध्ये किती वेळ गेला, एवढेच त्याला कळते. अंतर काढायला वेग लागतो आणि तो आपण आयओआरच्या, म्हणजे अपवर्तनांकाच्या रकान्यात भरतो. निर्वातात प्रकाश सेकंदाला 2,99,792 किलोमीटर जातो. नेहमीच्या सिंगल मोड फायबरचा आयओआर 1550 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला साधारण 1.468 असतो, म्हणजे फायबरमध्ये वेग उरतो सुमारे 2,04,000 किलोमीटर. एका किलोमीटरला 4.9 मायक्रोसेकंद, जाऊन-येऊन 9.8.

सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘काचेचा अपवर्तनांक दीड’ हे शाळेतले उत्तर तसेच भरणे. ते खिडकीच्या काचेला ठीक आहे. फायबरला 1.5 लावलात तर 10 किलोमीटरवरचा कट 200 मीटरहून जास्त अलीकडे दिसतो.

दुसरी चूक जाणकारांकडून होते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. तक्त्यात शोधले तर सिलिका काचेचा 1550 नॅनोमीटरचा अपवर्तनांक 1.444 सापडतो. आकडा खरा आहे, पण तो एकाच तरंगलांबीच्या लहरीचे शिखर किती वेगाने सरकते ते सांगतो. पल्समध्ये अनेक तरंगलांबी एकत्र असतात, काचेत प्रत्येकीचा वेग किंचित निराळा असतो आणि त्यामुळे पल्सचा अख्खा पुंजका शिखरांपेक्षा हळू जातो. आपल्याला मोजायचा असतो पुंजका. त्याचा आकडा म्हणजे समूह अपवर्तनांक, आणि फायबरच्या डेटाशीटमध्ये तोच छापलेला असतो. 1.444 भरल्यास 10 किलोमीटरवरचा कट जवळपास 170 मीटर पुढे दिसेल. पावसात, वाहत्या रस्त्याच्या कडेला 170 मीटर चुकीचे खणायला लावणे हा खणणाऱ्या माणसांवर अन्याय आहे. डेटाशीट मागून घ्या.

1310 आणि 1550 यांच्या आयओआरमधला फरक मात्र इतका बारीक असतो की 10 किलोमीटरला चारेक मीटरच चुकतात. त्यावरून वाद घालू नका.

आयओआर अचूक भरला तरी येणारे अंतर फायबरचे असते, रस्त्याचे नव्हे. केबलच्या आत फायबर वळणे घेत जाते, त्यामुळे ते केबलपेक्षा थोडे लांब भरते. शिवाय प्रत्येक चेंबरमध्ये जादा केबलचा लूप सोडलेला असतो. म्हणून एक्स्चेंजपासून मोजत बसू नका. ट्रेसवर, म्हणजे यंत्राने काढलेल्या आलेखावर, कटाच्या अलीकडचा ओळखीचा जॉइंट शोधा आणि तिथून पुढचे अंतर घ्या. त्या चेंबरमध्ये उतरलात की केबलच्या काळ्या आवरणावर मीटरमीटरला छापलेला आकडा चिंधीने पुसून वाचा. जॉइंटजवळ 2314 असेल आणि कट 180 मीटर पुढे दिसत असेल, तर 2494 च्या किंचित अलीकडे शोधायचे, आकडे त्या दिशेने उतरत असतील तर 2134 येण्याच्या किंचित आधी. जमले तर दुसऱ्या टोकाकडूनही ट्रेस घ्या. दोन्ही अंतरांची बेरीज जुन्या नोंदीतल्या एकूण लांबीशी जुळायला हवी.

‘चेंबरमध्ये पाणी भरलंय, म्हणून लाइट स्लो झाला’ हे आपल्याकडे दर पावसाळ्यात ऐकू येते. प्रकाश कोअरमध्ये, म्हणजे फायबरच्या आतल्या गाभ्यात असतो, बाहेरच्या पाण्याने त्याचा वेग बदलत नाही. पाण्याचा परिणाम दिसतो तो तुटलेल्या टोकावर. काच आणि हवा यांतल्या वेगांत मोठा फरक आहे, म्हणून सरळ तुटलेल्या टोकावरून साडेतीन टक्क्यांच्या आसपास प्रकाश परततो आणि ट्रेसवर टोक उंच उठते. टोक पाण्यात बुडाले की फरक कमी होतो, जेमतेम पाव टक्का परततो आणि शिखर बुटके होते. वेडेवाकडे तुटले असेल तर शिखर दिसतही नाही, रेषा नुसती खाली पडते. शिखर नाही म्हणून कट नाही, असे समजू नका.

पल्स विड्थ, म्हणजे पल्स किती वेळ टिकते, तीही बघा. 1 मायक्रोसेकंदाची पल्स ट्रेसवर 100 मीटर पसरते, 100 नॅनोसेकंदाची 10 मीटर. लांबच्या कटासाठी आधी मोठी पल्स, मग प्रकाश पोहोचेल तेवढी लहान करत जा. यंत्र आणि लिंक यांच्यामध्ये लॉन्च केबल, म्हणजे चाचणीपुरता फायबरचा जादा तुकडा, लावली असेल तर तिची लांबी वजा करायला विसरू नका.

जोडणी झाली की नव्या जॉइंटचे अंतर, आवरणावरचे दोन्ही बाजूंचे आकडे आणि वापरलेला आयओआर, तिन्ही लिंकच्या नोंदीत लिहा.